शटरिंगच्या फळ्या

कुडचड्याचं हे सभागृह उभं राहिलं
मुक्तीनंतर दहा वर्षांनी.
गिलावा नको, म्हणाला आर्किटेक्ट,
काँक्रीट दिसू दे.
गाव हसला : पैसे संपले वाटतं.

साच्याला फळ्या झिलू च्यारीच्या,
परसातला फणस पाडून काढलेल्या.
फळ्या निघाल्या. रेषा राहिल्या
भिंतीत, गाठींसकट.

आता उजवीकडे छत गळतं.
खाली बादली. थेंब
कधीच समेवर पडत नाही.

काल तानपुरे लागत होते,
तेव्हा झिलूचा नातू, इथला साउंडवाला,
केबल गुंडाळता गुंडाळता थांबला,
तळहात भिंतीला लावून म्हणाला,
षड्ज इथं जास्त घुमतो,
या गाठीपाशी.
आजा सांगायचा,
इथं फांदी होती.