नाही-दहा

चेर्नोवित्समधला जानेवारी.
मी माझ्या पापांची वही लिहीत बसलो होतो.
अक्षर सुरेख येत होतं;
त्याचाही गर्व वाटला, तोही टिपून ठेवला.

दार वाजलं. हर्शकोचा पोरगा, नाक लाल.
"आई गेली. कद्दिश म्हणायला दहा लागतात,
नऊच जमलेत."
म्हटलं, माझं मन अजून निवळलेलं नाही रे.
"मन राहू द्या," तो म्हणाला, "तुम्ही या."

एक नाही, दोन नाही,
गुमान निघालो, बोटांना शाई तशीच.

आमच्यात माणसं मोजत नाहीत.
म्हणून म्हातारा झुस्मान हनुवटीनं दाखवत आला:
नाही-एक, नाही-दोन...
माझ्यापाशी थांबला.
"नाही-दहा. म्हण, बाळा."

पोरगा अडखळला की मी आमेन लांबवायचो,
त्याला श्वास घेता यावा म्हणून.

घरी परतलो
तेव्हा दौतीतली शाई गोठली होती.