शाळा भरण्याआधीचा शनिवार

या. चपला राहू द्या पायात, हे देऊळ नाही.
फरशी तर सोमवारी पुसायचीच आहे.
नाव काय गं तुझं?
मृण्मयी?
अगं बाई! हजेरी घेताना सर अडखळणार.
तीनदा चुकतील. चौथ्यांदा तूच नीट सांग.
हसली पोरं तर हसू दे,
मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात.

आणि ताई, वही कशाला काढलीत?
लिहून घेण्यासारखं काही नाही.
बरं, घ्या लिहून:
डबा असा द्या, जो तिला उघडता येईल.
मागच्या साली आहेरांचा निनाद
तीन दिवस भरला डबा घरी नेत होता.
घरच्यांना वाटलं, पोराचा शाळेत जीव रमत नाही.
जीव रमत होता.
झाकण निघत नव्हतं.

चौथीपर्यंत एकच बाई,
गणिताला त्याच, नाक पुसायलाही त्याच.
इथं घंटा झाली की माणूस बदलतं,
फळ्यावरचं अक्षर बदलतं,
रागावण्याची तऱ्हासुद्धा बदलते.
घंटा मीच देते. कंटाळा आला तर
माझ्याकडं बघू नकोस, मी घड्याळाला बांधलेली.
वेळापत्रक दप्तराच्या आतून चिकटव,
सगळी पुस्तकं रोज वाहून आणू नकोस,
खांदे अजून कोवळे आहेत तुझे.

या जिन्यानं चढायचं, त्या जिन्यानं उतरायचं.
उलटी शिरलीस तर दहावीची पोरं येतात अंगावर,
सणासुदीला रविवार कारंजावर येते तशी गर्दी.
मारत नाहीत गं,
फक्त खाली बघत नाहीत.
नळ हे तीन. डावा गळतो, उजव्याला पाणी नसतं,
मधला धर.
आणि मुलींचं स्वच्छतागृह त्या टोकाला,
कडी आतून लागते. कालच लावून बघितली मी.
एका कडीपायी दिवसभर
पाण्याचा घोट न घेणाऱ्या पोरी पाहिल्यात, ताई.
हे मात्र लिहा.

हे गेट.
इथपर्यंत तुम्ही.
पहिले आठ दिवस आया इथंच थिजतात,
जाळीत बोटं अडकवून.
पोरं केव्हाच आत, प्रार्थनेच्या रांगेत ढकलाढकली करत.
रडतं कोण, ते मी सांगत नाही.

मखमलाबाद नाक्यावरून येणार ना?
मग उद्याच एकदा या, रविवार आहे.
तिला पुढं चालू द्या, तुम्ही दहा पावलं मागं.
रस्ता दाखवू नका,
तिला तुम्हाला दाखवू द्या.
होळकर पुलावर थांबेल ती, कठड्यातून गंगेत बघेल,
बघू द्या.
घरून पाच मिनिटं लवकर सोडा फक्त,
तो तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

मी?
मी त्याच पुलापलीकडची, पेठ रोडची.
चौथीत पहिला नंबर होता. पेढे नाही, साखर वाटली होती आईनं.
हायस्कूल अलीकडं होतं, आणि वडील म्हणाले,
पोर पूल ओलांडणार नाही.
ओलांडला की. चौतिसाव्या वर्षी.
पाचवी ब मध्ये शिरले ती झाडू घेऊन,
आणि फळ्यावर कुणी भागाकार
अर्धाच सोडून गेलेलं.
दार लोटून घेतलं.
खडू हातात नीट बसेना.
बाकी तीन उरली.
तेवढा एक फळा त्या दिवशी पुसला नाही.

असो. ताई, पाणी घ्या. मधल्या नळाचं आहे.
आणि मृण्मयी, इकडं ये,
हा टोल, ही हातोडी.
आज शाळेत कुणी नाही, दे एकदा.
अशी घाबरत नको,
चांगली हात उचलून.
शाळा सुटल्याची दे.
भरल्याची सोमवारी मी देते.