थंड पाणी

पाटीवर अजून बाबांचंच नाव: आराकाकी.
त्याखाली तिंतोरेरिया, म्हणजे खरं तर रंगाऱ्याचं दुकान.
पासष्ट वर्षांत आम्ही एक रुमालही रंगवला नाही,
नुसते काढत आलो.

पहाटे साडेपाचला बॉयलर पेटवते.
तो आधी खोकतो, मग नळ्यांना टकटक करतो,
मग अख्ख्या बोएदोला कळतं, नेलिदा उठली.
जुलैत सगळ्यांचे ओव्हरकोट एकदम येतात.
खिशांत भुयारी रेल्वेची तिकिटं, शेंगांची टरफलं,
एकदा एक दात.

काम बाबांनीच शिकवलं, मी काउंटरएवढी होते तेव्हा.
वाईन चोळायची नाही, टिपायची.
तेलाला खडू.
शाईपाशी बसायचं, तिची समजूत काढायची.
रक्ताला थंड पाणी, गरम लावलंस
की ते कापडाचंच होऊन बसतं.
आणि गिऱ्हाईकाला विचारायचं, डाग कशाचा.
कुणाचा, ते नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा जून. गल्लीभर रेडिओवर फुटबॉल.
एक पोरसवदा शिपाई साहेबाचा लष्करी कोट घेऊन आला,
उजवी बाही कोपरापर्यंत तपकिरी.
म्हणाला, गंज.
बाबांनी बाही दिव्याखाली धरली,
वाकून नाकाजवळ नेली,
आणि मला मागे पाठवलं, हँगर मोजायला.
मी मोजले. एकशे बारा.

तिसऱ्या दिवशी कोट तसाच परत,
घडी घालून, कागदात बांधून.
बाबा आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले,
निघत नाही.
पैसे घेतले नाहीत.
काउंटरच्या अलीकडून मला त्यांचे गुडघे दिसत होते.
त्या आठवड्यात दुकानाचं दार वाजलं
की आई इस्त्री हवेतच धरून उभी राहायची.

निघाला असता.
त्या रंगाचे, तितके जुने, मी नंतर शेकडो काढले.
अर्ध्या तासाचं काम.

बाबा त्यावर कधी बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही; आमच्या घरात
वाफेचाच आवाज मोठा.

आज दुपारी कोपऱ्यावरची ग्रासिएला आली,
लेकाचा शाळेचा पांढरा झगा घेऊन.
कॉलरखाली लाल, अजून ओलं.
कशाचा, मी विचारलं.
रक्त, ती म्हणाली, मारामारी.
मी पावती लिहायला घेतली, आकडा घातला,
पेन थांबलं.
कुणाचं?

ती दचकली. मग स्टूल ओढून बसली.
ती सांगते आहे,
मी नळ सोडते,
गारवा मनगटापर्यंत चढू देते.