पन्नासची

मार्चमधल्या एका हळदीत ती पहिल्यांदा चुकली.
सांगलीवाडीतलं कार्यालय, पाटावर मगदुमांची सुप्रिया,
अर्धा गाल पिवळा, अर्धा अजून तिचा.
मी डोळ्यावर ठिपका ठेवला, बटण अर्धं दाबलं,
टिक झालं, चौकोन हिरवा झाला,
म्हणजे ती म्हणाली, सापडलं.
घरी येऊन बघतो तर
डोळे धुरकट,
आणि मागं तांब्या धरून उभ्या मामीच्या
ब्लाउजची शिवण
टाके मोजता येतील इतकी लख्ख.

आधी स्वतःलाच शिव्या दिल्या.
हात हलला असेल. जेवण झालं नव्हतं. उजेड कमी होता.
लाडक्याचं वकीलपत्र माणूस न मागताच घेतो.

पुढच्या लग्नात ती शोधतच राहिली.
किर्र पुढं, किर्र मागं,
चष्मा कपाळावर आणि घरभर चष्मा शोधतायत
असे आमचे कुंभोजकर हेडसर, तशी.
तोवर अक्षता पडून गेल्या.
परत टाका, असं म्हणता येत नाही.
(एकदा म्हटलंय. टाकल्याही त्यांनी.
पण चेहरे दुसऱ्यांदा तसे होत नाहीत.)

सोळा वर्षं.
पहिल्या तीन लग्नांच्या पैशांतून घेतली,
तेव्हा तिला आवाजच नव्हता.
झूम नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं,
किती वरमायांच्या पायावर पाय दिला त्या नादात.

आता गल्लोगल्ली फोटोग्राफरांचं पेव फुटलंय.
मी हरिपूरचा. पेव म्हणजे काय, मला विचारा.
जमिनीतलं हळदीचं कोठार, तोंडाला अरुंद, पोटात अंधार.
आजोबा आधी कंदील सोडायचे खाली.
विझला नाही
तरच माणूस.

मिरजेत यासीन शिकलगार.
आडनावच धारेचं. आज्यानं विळे, कात्र्या लावल्या,
नातू घड्याळं, दुर्बिणी, कॅमेरे बघतो
मार्केटमागच्या बोळात,
दोघं बसले तर तिसऱ्यानं उभं राहायचं अशा दुकानात.
डोळ्यात भिंग अडकवून त्यानं कडं उतरवलं,
कागदावर हलकेच ठोकलं,
आणि पिवळी चिमूट पडली.
"चौगुले, किती लग्नांची हळद खाल्लीय हिनं?"
सहाशे? सातशे?
त्यातले संसार किती टिकले, तेही मला ठाऊक नाही.

"दाते झिजलेत. मोटर थकली. पार्ट येत नाही,
कंपनीनंच बंद केलाय.
पण काच बघ. काचेला काय झालंय?
हातानं फिरव की. पूर्वी काय फिरवत नव्हते?"

फिरवत होते.
पूर्वी मलाही सुईत दोरा ओवता येत होता.
चाळिशी लागून चार वर्षं झाली,
बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही,
गिऱ्हाइकांना तर नाहीच.
हिला ठाऊक होतं.
चार वर्षं माझ्या वतीनं बघत होती,
आणि हूं की चूं केलं नाही,
मार्चपर्यंत.

यासीननं पैसे घेतले नाहीत.
चिमटीतली हळद पुडीत बांधून दिली वर,
म्हणाला, आमटीला होईल.

तिथंच स्टुलावर बसून कडं हातात घेतलं.
यासीन, त्याच्या डोळ्यातलं भिंग, भिंगात उलटी खिडकी,
खिडकीत बहुतेक मी.
थोडं पुढं. जास्त झालं. मागं. अजून जरा.
"हलू नको रे."
"मी कुठं हलतोय," तो म्हणाला, "तूच हलतोयस."

तीन काढले.
मागच्या छोट्या पडद्यावर तिन्ही धारदार आहेत.
पण त्या पडद्यावर सगळंच धारदार दिसतं,
हे या धंद्यात पोरगंसुद्धा सांगेल.
मोठं करून
अजून बघितलेलं नाही.

शनिवारी बुधगावात साखरपुडा आहे.