मागचं इंजिन

खिंडीच्या पायथ्याशी गाडी थांबायची
आणि आम्ही मागून हळूच टेकायचो तिला,
बसलेल्या उंटाला गुडघ्यानं ढोसावं तसं.
साखळी नाही, सांधा नाही. नुसतं टेकणं.
पुढं दोन इंजिनं, मध्ये कोळशाच्या चाळीस वाघिणी,
शेवटी आम्ही: सुई चांगफू रेग्युलेटरवर,
मी फावड्यावर, वय एकोणीस.

पुढून शिटी यायची. दोन लांब, एक आखूड.
म्हणजे, आहात का?
आम्ही तीच परत द्यायचो.
म्हणजे, आहोत, ओढा.

नऊ वर्षं एवढंच बोलणं झालं माझं
लुआन देशेंगशी.
नाव शेडच्या फळ्यावर वाचलेलं, तोंड पाहिलेलं नाही.
त्याच्या शिटीत दुसरा सूर जरा घोगरा,
घशात बोराची साल अडकल्यासारखा.
तो ऐकला की चांगफू फावड्यावर पाव शेकायला ठेवायचा,
म्हणायचा, हा असला की दोन घास खायला सवड मिळते.

हिवाळ्यात उणे तीस.
वाळूच्या नळ्या गोठायच्या,
चाकं जागच्या जागी गरगरायची, रुळावर ठिणग्या.
मी उतरून, इंजिनाच्या बाजूनं चालत,
मुठीमुठीनं वाळू टाकायचो रुळावर.
इतकं हळू चढायचो
की ओयुनची मेंढरं आम्हाला मागं टाकायची,
आणि ती काठीनं डबा बडवत हसायची.

बोगद्यात मात्र सगळा धूर आमच्या वाट्याचा.
पुढच्यांचा उरलेला, वर आमचा स्वतःचा.
नाकावर ओलं फडकं, आणि मोजत राहायचं,
चारशे बारा झाले की उजेड.
एकदा चारशे साठ झाले तरी काळोखच.
चांगफूनं माझा पट्टा मुठीत धरून ठेवला होता.
नंतर त्याविषयी तो काही बोलला नाही.
मीही नाही.

माथ्यावर गाडी आपली आपण सुटायची.
याची मला कधीच सवय झाली नाही.
बफरांमध्ये आधी बोटभर फट,
मग हातभर,
मग अख्खं आभाळ.
गाडी पलीकडं उतरून जायची.
तिकडं गाव होतं म्हणे, घोड्यांचा बाजार भरायचा.
आम्ही उलटे खाली, पुढच्या गाडीसाठी.

मग डिझेल आलं. त्याला मागून कुणी लागत नाही.

चार वर्षांनी, गरम झऱ्याच्या न्हाणीघरात,
वाफेत माणसं दिसत नव्हती, नुसतं खाकरणं.
पलीकडं कुणीतरी पितळी वाडगा नळावर घासला,
गरम पाणी सोडा म्हणून.
दोन लांब, एक आखूड.
माझा हात माझ्याआधी हलला.
दोन लांब, एक आखूड.

थोडा वेळ पाणीच काय ते बोलत होतं.
मग एक बारीक आवाज, मी कधी कल्पिला नव्हता असा:
"तिसऱ्या वळणावर तुम्ही नेहमी उशिरा ढकलायचात."
म्हटलं, तिसऱ्या वळणावर चांगफू चिलीम भरायचा.
"वाटलंच मला," तो म्हणाला,
आणि सरकत येऊन पाठ केली माझ्याकडं,
चोळून दे म्हणून.

खांद्यापासून कमरेपर्यंत कोळशाचे निळे ठिपके,
कातडीच्या आत गेलेले.
ते निघणार नव्हते, त्यालाही ठाऊक होतं.
तरी चोळत राहिलो.
"जोर लाव," तो म्हणाला. "चढ आहे."