वरचा काप

दूचोंगची साल मोडून पाहा कधी.
कटकन मोडते, पण सुटत नाही:
दोन तुकड्यांमधे ताणले जातात
रुपेरी चिवट धागे.
आई म्हणायची, बघ, मोडलं तरी धरून ठेवतं.
एवढ्यावरूनच कुणा पूर्वजाने ठरवलं असावं
की हे औषध हाडांचं.

मला तेवढ्यावरून ठरवता येत नाही.
मला पगारच मिळतो तो घाईने न ठरवण्याचा.
छांगशात, सातव्या मजल्यावर, चार अंशांच्या शीतपेटीत
माझ्याकडे सालीचा तपकिरी अर्क आहे, दीडशे कुप्या,
आणि शेजारच्या खोलीत उंदरांच्या अठ्ठेचाळीस माद्या,
अंडाशय काढलेल्या,
म्हणजे एका दुपारीत म्हाताऱ्या केलेल्या.
त्यांना नावं द्यायची नाहीत, असा नियम.
मी देत नाही.
फक्त सतरा नंबरची, पिंजऱ्यात हात गेला
की बाहीत शिरते.

हाड म्हणजे दगड नव्हे, हे मला इथे कळलं.
हाड म्हणजे रात्रंदिवस चाललेलं काम:
एक टोळी खणत जाते, दुसरी मागून लिंपत येते.
पन्नाशी उलटली की लिंपणाऱ्या थकतात,
खणणाऱ्यांना मात्र कुणी थांबा म्हणत नाही.
सूक्ष्मदर्शकात आतली जाळी दिसते,
वाळल्या घोसाळ्यासारखी, दाट;
किंवा तेच घोसाळं,
भांडी घासून घासून संपत आलेलं.

अर्क दिलेल्या गटात जाळी जराशी दाट आहे.
'जराशी' हा शब्द डॉक्टर ओउयांग खोडतात,
तिथे आकडा लिहितात.
मी मागे 'उंदरांत' एवढं जोडते.

मे महिन्यात चार दिवस घरी, त्सिलीच्या डोंगरात.
सालीचा हंगाम तेव्हाच: हवा दमट, ऊन कोवळं,
झाडाच्या अंगात पाणी चढलेलं.
आई, थ्येन ग्वेइलान, वय चौसष्ट.
या उतारावर तिने हाडांची काडं केली,
आणि ही नुसती म्हण नाही, माझ्याकडे अहवाल आहे:
कंबरेचा मणका, उणे तीन पूर्णांक एक.
ती खाली एक काप घेते, वर एक,
मधे उभी रेघ,
आणि साल उघडते दार उघडावं तशी.
आत पांढरं, ओलं, तान्ह्याच्या टाळूसारखं.
"बोट लावू नकोस," दरवर्षी सांगते,
"नख लागलं की तिथे साल धरत नाही."
मग प्लास्टिक गुंडाळायचं, सुतळी बांधायची, वाट पाहायची.
तीन वर्षांत झाड नवी साल आणतं.
कशाच्या जोरावर, ते आमच्या कुपीत नाही.

यंदा शेवटच्या ओळीतल्या जुन्या झाडापाशी
ती टाचा उंचावून उभी राहिली.
जुन्या कापाचा वण, तिच्याच हातचा, नऊ वर्षांपूर्वीचा,
कोयत्याच्या टोकापासून चार बोटं वर राहिला.
तिने पुन्हा हात ताणला.
मग हसली.
"बघ की, केवढं उंच झालं हे झाड."

झाडं शेंड्याला वाढतात.
खोडावरचा वण जिथे पडला
त्याच उंचीवर जन्मभर राहतो.
हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.
चाळीस वर्षं झाडं सोलणारीला नसेल?

मी कोयता घेतला.
"हो ना," म्हटलं, "भलतंच वाढलंय."
वरचा काप मी घेतला. ती खालून सांगत होती,
हळू, खोल जाऊ नको, हळू.

रात्री तिने सालीचा काढा उकळला,
डोळे मिटून प्यायली,
आणि उपयोग होतो का, हे मला विचारलं नाही.

सोमवारी परतायचं होतं.
सतरा नंबरचा बारावा आठवडा भरत आला होता.