शून्य पॉइंट आठ

हिंगण्याच्या पलीकडच्या मुरमाड मैदानावर
चव्वेचाळीस डिग्रीत कॅमेरा सारखा बंद पडायचा,
म्हणून कूलरच्या जुन्या ताटीतला वाळा ओला केला,
पन्नीत गुंडाळून त्याच्या पाठीला बांधला.
झेनच्या छपरावर जीपीएसची गोळी, स्टिअरिंगखाली डोंगल.
चेतन बोरकुटे म्हणाला,
"वरातीच्या घोडीवाणी सजवून राहिला बे."

दिवसा मी महावितरणसाठी लोकांचे मीटर वाचतो.
रात्री याचे.

व्हिडिओ आणि आकडे आपसूक जुळत नाहीत.
सुरुवातीला मी त्याला दार आपटायला लावतो:
इकडे आवाज, तिकडे रेघेला एक उचकी.
उचकी सरकवून आवाजाखाली आणली
की पुढचं सगळं एका वेळचं होतं.

तिसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्ट्यावर,
जिथं नवशिक्यानंही पाय दाबून ठेवावा,
एक्सलरेटरची रेघ खाली येते.
शंभरावरून बावीस. पुन्हा शंभर.
विहिरीत बादली सोडून
पाण्याला न लागताच ओढून घ्यावी तशी.
शून्य पॉइंट आठ सेकंद गेले.
दुसरं बक्षीस शून्य पॉइंट पाचनं गेलं.

"पाय काढलाच नाही मी,"
तर्री पोह्याची प्लेट खाली ठेवून चेतन शपथ घेतो.
"तुझं डोंगलच खोटं बोलून राहिलं."

मग रात्री एकेक चौकट पुढं ढकलत पाहिलं.
धूळ.
धूळ. बोनेटचा उडालेला रंग.
आणि पट्ट्याच्या कडेला,
दोन्ही पंख उघडून गाडीसमोर उभी टिटवी.
हटत नाही. ओरडत असणार,
पण सायलेन्सर काढलेल्या इंजिनात ते कुठून उमटायला.
तिच्यामागं मुरमाच्याच रंगाचे चार खडे,
जे खडे नाहीत.

चौथ्या फेरीत नकाशावरची त्याची वाट
तेवढ्याच जागी डावीकडं झुकते.
पाचव्यातही. सहाव्यातही.
पाय मात्र पूर्ण दाबलेला.

"टिटवी? काहीच्या काही. अन् मी तर सरळच गेलो."
खोटं बोलत नव्हता.
बोलताना त्याचे कान लाल होतात, ते मला माहीत आहे.

व्हिडिओ मी दाखवला नाही.
का, ते नीट सांगता येणार नाही.
फाइलला नाव दिलं: तारीख, फेरी तीन, पुढं नुसतं 'टि'.
"मग गेले कुठं माझे सेकंद?" त्यानं विचारलं.
क्लचची तार बघून घे, म्हटलं.

त्यानं बघितली.
खरंच ढिली होती.